मेढे कुठे टाकायचे

त्या भाद्रपदात मुलीला प्रश्न विचारण्याचं काम माझ्याकडे होतं. ती जिल्ह्याच्या ठिकाणी राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती आणि महिनाभरासाठी घरी आली होती. सकाळी मी तिची वही घेऊन ओसरीवर बसायचो आणि ती गोठा झाडता झाडता उत्तरं द्यायची. एक दिवस प्रकरण निघालं परराष्ट्र धोरणाचं. एखादा देश बाकीच्या देशांशी कोणकोणत्या रीतीने वागू शकतो, असा प्रश्न होता आणि त्याला पंधरा गुण होते.

तिने भराभर सांगितलं. बलाढ्य देशाच्या सावलीत जाऊन बसता येतं. खर्च वाचतो, पण त्याची भांडणं आपली होतात. दोन बलाढ्यांपासून सारखं अंतर राखून दोघांकडून थोडं थोडं घेता येतं. मग अडचणीच्या दिवशी दोघंही म्हणतात, तू आमचा कुठे होतास. दार लावून घरात बसता येतं. लहान शेजाऱ्याला मोजून न देता हात सैल सोडून देता येतं, म्हणजे तो दुसऱ्याच्या दारी जात नाही. जशास तसं वागता येतं. नाहीतर पुष्कळ देशांनी मिळून नियम करायचे आणि सगळ्यांनी पाळायचे.

मी वही मिटली आणि म्हटलं, हे सगळं एका ओळीत येतं. कोणावर भरवसा ठेवायचा नाही.

ती खराटा थांबवून म्हणाली, "बाबा, हे उत्तर नाई झालं. हा तुमचा स्वभाव झाला."

स्वभाव असेल. तरुणपणी अकरा वर्षं मी एका लाकूड आगारात मोजणीदार होतो. घेणाऱ्याने धरलेली फीत आणि देणाऱ्याने धरलेली फीत यांत एका गोलाईमागे बोटभर फरक पडतो, हे मी रोज पाहिलं आहे. दोघंही देवाची शपथ घेतात. त्यामुळे गावात परतून धानाची शेती करू लागलो तेव्हा तलाव समितीने पाण्याचं रजिस्टर माझ्याकडे दिलं. ते आजही माझ्याकडे आहे.

आमचा तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. त्याचा मातीचा बांध ती पाळ. तिच्या पोटात तुडूम आहे, म्हणजे दगडी विहिरीसारखं बांधकाम. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकाला लाकडी बूच. जितकी बुचं काढाल तितकं पाणी पाटात उतरतं. ते काढण्या-लावण्याचं काम पाणकराचं. पाऊस दगा देतो तेव्हा पाण्याच्या पाळ्या लागतात. आमच्या गावाचे दोन भाग, खालच्या गावाचा एक. त्यांची पाळी तीन दिवसांची. एक बूच काढलं की दिवसाला तलाव दोन बोटं उतरतो, तीन दिवसांत सहा. सांडव्याच्या भिंतीवर मी रंगाने खुणा केल्या आहेत आणि रोज सकाळी त्या वाचतो.

खालच्या गावात माझी मोठी बहीण दिलेली आहे. तिला मी बाई म्हणतो. भाऊजी राजुऱ्याकडे कोळशाच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्याने येतात. शेती बाईच पाहते. तिचं पावणेदोन एकर धान पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे आणि घराचं वर्षाचं खाणं त्यातच आहे.

आता पोळ्याचं सांगायला हवं, कारण चूक तिथे झाली.

आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी प्रत्येक घरापुढे पळसाची फांदी उभी करतात. त्याला मेढा म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडताच पोरं ते मेढे उचलून गावाबाहेर नेतात आणि ओरडतात, खांसी, खोकला, माश्या, रोगराई घेऊन जाय गे मारबत. गावाचा सगळा ताप त्या फांद्यांवर घालून शिवेवर टाकायचा, अशी रीत. टाकल्यावर मागे वळून पाहायचं नाही आणि टाकलेलं परत आणायचं नाही.

आमच्या गावाचे मेढे पूर्वीपासून नाल्याजवळच्या एका मोहाच्या झाडाखाली पडायचे. त्या वर्षी तलावाच्या कामासाठी मी दोन्ही गावांचा मोजणीचा नकाशा काढून आणला होता. तो पाहताना लक्षात आलं की तो मोह शिवेवर नाहीच. तो खालच्या गावाच्या हद्दीत चाळीस पावलं आत आहे. म्हणजे इतकी वर्षं आपण आपला रोग दुसऱ्याच्या जमिनीत टाकत होतो. मला ते बरं वाटलं नाही. मी नकाशा घेऊन जागेवर गेलो, पावलांनी अंतर काढलं. खरी शीव पाट जिथे रस्त्याखालून जातो त्या मोरीवर येत होती. मी पोरांना सांगितलं, यंदापासून मोरीपाशी टाका. पोरांना अंतर कमी झालं म्हणून आनंदच झाला. खालच्या गावाला कळवावं असं माझ्या मनात आलं नाही. आपण त्यांचं काही घेत नव्हतो, उलट सोडत होतो. त्यात कळवायचं काय?

पोळ्यानंतर दहा दिवस पाऊस होता, मग तो थांबला. धान गर्भात आलेलं आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, भेगा. समितीने पाळ्या लावल्या. आधी आमच्या दोन भागांचं पाणी झालं, मग खालच्या गावाची तीन दिवसांची पाळी सुरू झाली. पहिल्या सकाळी तलाव दोन बोटं उतरला. दुसऱ्या सकाळी चार. तिसऱ्या सकाळी आणखी चार. एकूण दहा. मी खुणा पुसून पुन्हा वाचल्या. दहाच.

चार बोटं पाणी कोणी घेतलं, हा प्रश्न मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरू लागलो. पाणकर म्हातारा, पाय ओढत चालणारा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ऊन फार आहे भाऊ, वाफ होत असन. चार बोटं वाफ होत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

मग मला बाकीच्या गोष्टी दिसू लागल्या. आठवडी बाजारात खालच्या गावची माणसं घोळक्याने उभी असायची आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायची. एकजण मला पाहून सायकल वळवून गेला. चहावाला म्हणाला की त्यांनी डिझेलचा पंप भाड्याने आणलाय. तलावाच्या पाळीवर त्या बाजूने येऊन गेलेल्या चपलांचे ठसे होते. मी हे सगळं रजिस्टरच्या मागच्या पानांवर तारखेसह लिहून ठेवलं. अकरा नोंदी झाल्या. अकरापैकी एकही नोंद खोटी नव्हती.

बाईचा फोन आला. नेहमी ती आधी जनावरांची चौकशी करते. या वेळी सरळ विचारलं, "बापू, पाणी सोडलं होतं का?"

मी म्हटलं, सोडलं होतं, तीन दिवस पूर्ण. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, तिच्या शेजारी कोणीतरी उभं आहे आणि तिच्याकडून विचारवून घेत आहे. दहा बोटं पाणी नेऊन वर पाणी मिळालं नाही म्हणायचं, असा त्यांचा बेत दिसतो. ही बारावी नोंद मी लिहिली नाही, पण धरली.

समाजमंदिरात समितीची सभा झाली. तिथे बसल्या बसल्या मला मुलीची वही आठवत राहिली, कारण तीच पानं लोक बोलून दाखवत होते. अध्यक्षांचं म्हणणं, तहसीलला अर्ज द्या. एकाचं म्हणणं, आपल्या तलावाचा ओढा ज्या वरच्या गावातून येतो त्या गावाशी गोडी करून ठेवा, म्हणजे खालचे आपोआप दबतील. पंधरा एकरवाला म्हणाला, तुडुमाला साखळी घाला, कुलूप लावा, विषय संपला. एक म्हातारा म्हणाला की गेलं ते गेलं, त्यांना उलट एक दिवस जास्त द्या, माणसं आपलीच आहेत. त्याला सगळे हसले. त्याची सून खालच्या गावची. मग कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणालं, "मोजणीदाराची तं बहीणच खाली हाये. तो का बोलते ते ऐका."

ते मला लागलं. मी उभा राहिलो आणि आकडा मांडला. दिवसाला दोन बोटं, म्हणजे चार बोटं जास्तीची हे दोन दिवसांचं पाणी. त्यांच्या पुढच्या तीन दिवसांतून दोन कापा, एक दिवस द्या. ना कमी ना जास्त. सगळ्यांनी माना हलवल्या. बहिणीच्या गावाचं पाणी कापतो म्हणजे आकडा खरा असेल, असं दोघंतिघं बोलले.

एका दिवसाचं पाणी पाट भिजवण्यात आणि वरच्या बांध्यांत जिरतं. शेवटच्या टोकाला ते पोचत नाही. बाईच्या धानाला थेंब मिळणार नव्हता. हे मला सभेत उभं राहतानाच माहीत होतं.

घरी मुलीला सांगितलं. तिने बोलणं पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन देशांचा करार होते ना, त्यात एक कलम पाहणीचं असते. दोन्हीकडचे माणसं मिळून जाऊन पाहतात. तुम्ही तलाव मोजला, बाबा. पाट चालून पाहिला का?"

मी पाहिला नव्हता. आमच्या पाणकराची चाल आमच्या शेवटच्या बांधीपर्यंत, त्यांच्या माणसाची त्यांच्या पहिल्या बांधीपासून. मधला बेशरमाच्या झुडपांतला तुकडा कोणीच चालत नाही. मी म्हटलं, आता काठी घेऊन त्यांच्या शिवेवर गेलो तर त्यांना वाटेल आपण नमलो. ती म्हणाली, मग वाटू द्या. मी गेलो नाही.

कापलेल्या पाळीच्या आदल्या सकाळी बाई आली. तलावाच्या पाळीवरून चालत, एकटी. ओट्यावर बसली. माझ्या बायकोने चहा आणला, तो तिने खाली ठेवला. मी तिच्या धानाचं विचारलं. ती म्हणाली, पानं दुपारी सुरळी होतात, आता सकाळीही उलगडत नाहीत. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पाणी नाई द्यायचं तं नका देऊ, बापू. तुमचा तलाव हाये. पण आपला रोग आमच्या पाण्यात काऊन घालता?"

मला काही कळलं नाही. तिला वाटलं, मी नाटक करतोय. आम्ही दोघं एकमेकांवर संशय घेत होतो. बावन्न वर्षांचा मी आणि मला अंगाखांद्यावर खेळवलेली ती. शेवटी मुलगीच उठली आणि म्हणाली, आत्या, चल, दाखव.

आम्ही तिघं आणि वाटेत भेटलेला पाणकर मोरीवर गेलो. झुडपं बाजूला केली. मोरीच्या नळीच्या तोंडाशी पळसाच्या फांद्या गच्च बसल्या होत्या, त्यावर गाळ, त्यावर गवत. वरच्या बाजूने पाटाची कड फुटून नाल्याकडे घळ पडली होती. दहाच्या दहा बोटं पाणी कुठे गेलं ते त्या घळीत दिसत होतं. मी चार बोटांचा हिशेब मांडत होतो आणि खालच्या गावाला सहामधलंही काही मिळालं नव्हतं.

पाणकर तेव्हा बोलला. पाणी येत नाही म्हणून खालच्यांनी त्याला फोन केला होता, आणि समिती ओरडेल म्हणून न सांगता त्याने दुसऱ्या दिवशी आणखी एक बूच ओढलं होतं.

पलीकडच्या काठावर खालच्या गावची चार माणसं येऊन उभी राहिली. त्यांच्यात त्यांचा गावपुजारी होता, ऐंशीच्या घरातला. मी त्याला विचारलं, बाबा, फांद्या अडकल्या हे दिसत होतं तर ओढून का नाही काढल्या?

"तुमचा रोग हाये तो," तो म्हणाला. "आमचा हात लागला तं आमचा होते."

मग सांगायचं तरी होतं, मी म्हटलं.

"सांगून का? तुम्ही नकाशा पाहूनच टाकला ना."

त्यांच्याकडे बातमी अशी गेली होती: मोजणीदाराने नकाशा काढला, पावलं टाकली आणि मोरीपर्यंत आपली हद्द आहे म्हणून मोरीवर मेढे रोवले. आज मेढे, उद्या खुंट, परवा पाणी बंद. त्यांनीही सभा घेतली होती. त्यांचं धोरण ठरलं होतं गप्प राहायचं, आणि पंप आणायचा तो नाल्यातलं डबकं उपसायला. पाळीवरचे ठसे पाणी आहे की नाही ते पाहायला आलेल्यांचे होते. माझ्या अकराही नोंदी त्या काठावर उभं राहून वाचल्या की उलट्या लागत होत्या.

मी त्यांना नकाशाचं खरं सांगितलं. मोह तुमच्या हद्दीत चाळीस पावलं आत येतो, म्हणून मी आमचे मेढे तुमच्या जमिनीतून बाहेर घेतले.

"ते जागा आमच्या आज्यानं देल्ली होती तुमाले," म्हातारा पुजारी म्हणाला. "मोहाखाली टाका म्हणून. तिथून वारा नाल्याकडे जाते, गावाकडे नाई येत."

हे माझ्या कोणत्याही कागदावर नव्हतं.

आता फांद्या काढायच्या कोणी? खालचे हात लावणार नाहीत. आमच्या रीतीने टाकलेलं उचलायचं नाही. पाणकराने दोन्ही हात मागे बांधून घेतले. मी धोतर खोचून पाण्यात उतरलो आणि ओढायला लागलो. काढता काढता मोजल्या. त्रेपन्न निघाल्या. गावात घरं एक्काहत्तर. बाकीच्या पावसात वाहून गेल्या असाव्यात.

ओला भारा छातीशी घेऊन मी उभा आणि तो ठेवायचा कुठे हे कोणालाच सांगता येईना. त्यांच्या काठावर नको. आमच्याकडे परत नेता येत नाही. पाणकर म्हणाला, नाल्यात सोडा. मुलगी म्हणाली, नाला पुढं तिसऱ्या गावात जातो, त्या गावानं आपलं काय केलंय? माझे हात भरून आले.

बाई म्हणाली, "रस्त्यावर ठेव. रस्ता ना आमचा ना तुमचा, सरकारचा हाये. सरकारले ताप आला तं दवाखाना हाये त्याच्यापाशी."

म्हातारा पुजारी हसला, मग बाकीचे हसले. मी भारा डांबरावर टाकला. दुपारपर्यंत आम्ही पाटाची घळ बुजवली, तोवर भाऱ्यावरून दोन ट्रॅक्टर आणि एक एसटी गेली.

संध्याकाळी समितीपुढे मी माझा आकडा मागे घेतला. ते लोकांना आवडलं नाही. नाल्यात गेलेलं पाणी तलावातूनच गेलं होतं, ते कोणाच्या नावावर घालायचं? पंधरा एकरवाला म्हणाला की फांद्या अडकल्या असतीलही, पण खालच्यांनी त्या मुद्दाम आणखी आत कोंबल्या नाहीत कशावरून? हा संशय मला आला नव्हता असं नाही. पण जागा मी बदलली होती. म्हणून माझ्या शेताची एक पाळी मी सोडली आणि खालच्या गावाला तीन दिवस पूर्ण मिळाले. बाईच्या धानाला तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी लागलं. नऊ दिवस उशिरा.

त्या पाळीपासून सांडव्यावर रोज सकाळी दोघं जण मोजतात, मी आणि खालच्या गावचा एक. भरवसा वाढला असं मी म्हणणार नाही. तो माझी काठी तपासून घेतो आणि मी त्याचं बोट कुठल्या खुणेवर टेकतं ते पाहतो. मेढे पुन्हा मोहाखाली टाकायचे असं ठरलं. तेही मी रजिस्टरात लिहिलं आणि दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. अंगठा देताना म्हातारा पुजारी म्हणाला की तुमच्या आज्यानं कागद मागितला नव्हता. मुलीला परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही.

बाईचं अर्धं धान भरलं. खालच्या टोकाचं अर्धं पाखड, म्हणजे पोकळ, निघालं. वर्षाच्या खाण्यात सहा महिने कमी पडत होते, म्हणून मी तांदूळ देऊ केला. तिने आधी नाही म्हटलं. मग एका जाणाऱ्याबरोबर तिने एका फडक्यात वीस लोंब्या बांधून पाठवल्या, शेवटच्या बांधीतल्या, आणि निरोप दिला की बापूला म्हणावं मोजून घे, मग तांदळाचं बोलू.

मी त्या ओट्यावर मांडल्या. दाणा दाबून पाहिला. वीसपैकी सात भरलेल्या होत्या. तिला फोन केला आणि सांगितलं, सात.

"आठ होत्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, थांब. पुन्हा मोजल्या. सातच होत्या आणि एकूण एकोणीस. ओट्याखाली कोंबडी बसली होती. मी तिला फोनवर ते सांगितलं. ती म्हणाली, कोंबडीचं तू म्हणतोस. मग म्हणाली, तांदूळ पाठव, पण पायलीनं मोजून, आणि मोजताना पोरीला जवळ बसव.